भिंतीपासून मोजा

"भिंतीपासूनच मोजा," म्हणत शेठने टेपचं टोक स्वतःच्या हाताने कुंपणाच्या भिंतीला दाबून धरलं.

सोडतीत मला लागलेल्या पेट्रोल पंपाच्या परवान्याविरुद्ध तो कोर्टात गेला होता. त्याच्या पंपापासून तीनशे मीटरच्या आत दुसरा पंप नको, एवढंच त्याचं म्हणणं. कोर्टाने मोजणीचे साहेब पाठवले. अंतर भरलं दोनशे ब्याण्णव.

"बारा वर्षं माझ्याकडे नोझल धरलास आणि आता माझ्याच शेजारी पंप काढतोस?" शेठ खदखदून हसला. "जा, म्हशी पाळ."

मी साहेबांना म्हटलं, "भिंत यांचीच आहे, तेवढं पंचनाम्यात लिहून घ्या."

"माझीच! माझ्या जागेत, मी बांधलेली." शेठने झोकात सही ठोकली.

"आता आतलं हवा भरायचं मशीन हलवा, साहेब. त्याच्याखाली गायरानाच्या हद्दीचा दगड आहे. तिथून भिंतीपर्यंतची वीस मीटर जागा सरकारची. अंतर त्या दगडापासून मोजा, तीनशे बारा भरेल."

शेठ किंचाळला, "तो दगड तर तुला उपटून ओढ्यात फेकायला सांगितला होता!"

"सांगितला होतात. पण त्याच सकाळी गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला थोबाडीत मारली होती. गाल झोंबत होता, शेठ. दगड मी जागच्या जागी खोल गाडला."

मग मी साहेबांकडे वळलो.

"शेठ आत्ता काय बोलले, तेही लिहून घ्या."