टिर्झाची पायपेटी

छायाचित्रात पायपेटी घराबाहेर होती. क्षितिजापर्यंत नुसते गवत, गवताच्या ढेकळांनी रचलेले बुटके घर, आणि दारापुढे उघड्यावर ती नक्षीदार पेटी. तिच्या पट्ट्यांवर बोटे टेकवून कोट घातलेला एक माणूस बसला होता.

"माझे पणजोबा," वेल्समधल्या आपल्या घरात चहाची किटली उचलत म्हाताऱ्या मिसेस प्रॉसर म्हणाल्या. "टिर्झा, कॅन्सस. नीट धरा हं." चहा ओततानाही त्यांची नजर सुप्रभाच्या हातातल्या चौकटीवरून ढळली नाही.

सुप्रभाने चौकट खिडकीकडे वळवली. वेल्सच्या खाणकामगारांनी अमेरिकेच्या माळावर वसवलेले आणि काही हिवाळ्यांतच पुसले गेलेले टिर्झा हा तिच्या प्रबंधाचा विषय. आज तिथे मका उगवतो. कार्डिफच्या अभिलेखागारात तिने या वस्तीची आणखी दोन छायाचित्रे पाहिली होती. घरे निराळी, माणसे निराळी. पायपेटी मात्र दोन्हींत होती, आणि तिचे मेणबत्तीचे डावे शमादान मोडलेले होते.

इथेही ते मोडलेले होते.

"पेटी एकच आहे रे," ती नवऱ्याला मराठीत म्हणाली. "फोटोवाला आला की घरोघर फिरवत असणार. मायदेशी पाठवायला."

"झाली तुझी डिटेक्टिव्हगिरी सुरू," यशोधन म्हणाला. "मिरवू दे ना त्यांना पणजोबा. चल, चारची ट्रेन गाठू."

त्या घाईने तिच्या मनात सकाळपासून रुतलेले कुसळ पुन्हा हलले. येताना ट्रेनमध्ये नागपूरहून धाकट्या दिराचा, अतुलचा, फोन आला होता. "वहिनी, उद्या राजीनामा टाकतोय! तिकडेच येतोय. कोर्सचं फक्त निमित्त, नोकरी दादा लावून देणारच आहे. आणि फोटो पाहिला, घर काय घेतलंय हो तुम्ही! खिडकीत फुलं, दारात निळी गाडी!" पुढे बोगदा आला आणि फोन तुटला होता.

त्यांची खोली एका टेकअवे खानावळीच्या डोक्यावर होती. खिडकी उघडली की समोर धुराडे. बँकांची पडझड सुरू झाल्यापासून यशोधनला काम नव्हते. फुले कुठली, म्हणून तिने विचारले, तेव्हा तो बाहेरच्या मेंढ्या पाहत राहिला होता. "अतुलचं काय, काहीही बोलतो," एवढेच म्हणाला होता.

"माझ्या पणजोबांबद्दल बोलताय का तुम्ही?" मिसेस प्रॉसरनी कप खाली ठेवला.

"हो," सुप्रभा इंग्रजीत म्हणाली. "हा फोटो पाहून तुमच्या पणजी गेल्या त्यांच्याकडे?"

"बोलावलं होतं. पोरांना घेऊन ये, म्हणाला. आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका असेच फोटो उराशी धरून जहाजात चढल्या. परत कुणी आलं नाही."

"आणि त्या?"

म्हातारीने चौकट काढून घेतली, बाहीने काच पुसली. "तिला संशय आला. जन्मात ह्याला एक सूर वाजवता आला नाही, हा पेटीवर काय बसलाय? तिनं उलट निरोप धाडला: फोटो छान आहे. आता घराचा आतून काढून पाठव."

"मग?"

"मग काय! आतला फोटो आलाच नाही. म्हणून तर मी इथे तुम्हाला चहा पाजतेय."

त्या हसल्या. सुप्रभाही हसली, पण हसताना ती नवऱ्याकडे पाहत होती. यशोधनचा चहा तसाच निवत होता.

"कुणाचं घर होतं रे ते?" तिने मराठीत विचारले. आवाज मुद्दाम गोड ठेवला, म्हातारीला चहाबद्दलच काही वाटावे असा.

कप बशीत सरकवत तो म्हणाला, "माहीत नाही. रस्त्यावरून जाताना आवडलं. गाडीही तिथलीच. आईला बरं वाटावं म्हणून गं."

"आईंना बरं वाटलंच. उद्या अतुलभावजी नोकरी सोडतायत."

"सांगणार होतो मी."

"मग आत्ता सांग. नाहीतर खोलीचा आतून फोटो मी पाठवते."

त्याने मोबाइल काढला. भिंतीवरच्या खिळ्याला मिसेस प्रॉसर चौकट पुन्हा अडकवत होत्या. ती जराशी तिरकी झाली, मग सरळ. यशोधनने बोटे बटणांवर टेकवली, आणि काचेमागच्या त्या माणसासारखा, एकही न दाबता, तो तसाच बसून राहिला.