तिरपी फळी

बाबा हाडाचे सुतार. उतारवयात त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या गळू लागल्या आणि सरळ रेघ त्यांना वाकडी दिसायला लागली. तरी स्वयंपाकघरातली फळी त्यांनीच हट्टाने ठोकली. “लेव्हल लावून बघा,” मी म्हणाले. “तू मला शिकवू नकोस!” फळी तिरपी बसली. बरण्या घसरायच्या, आई मुकाट्याने खाली कापडाच्या घड्या सरकवायची. त्यांना सांगणार कोण? गळती घडवणाऱ्या रेणूला घट्ट धरून ठेवणारं एक प्रथिन मी काम करते त्या प्रयोगशाळेत आम्ही तयार केलं. रुग्णांवरच्या चाचणीत बाबांनाही त्याचं इंजेक्शन डोळ्यात मिळालं. नंतर गुण आला का, हे विचारायला माझी जीभ रेटेना. आज चहा पिताना त्यांनी वर पाहिलं आणि कप आदळला. “ही फळी कुठल्या गाढवाने ठोकली?” मी आईकडे पाहिलं. ती डोळे पुसत म्हणाली, “होता एक हट्टी म्हातारा. आता बरा झालाय.”