चाळीस कोरे कॉम्प्युटर

"उद्या पेपरफुटीच्या चौकशीला साहेब यायलेत. चाळीसही कॉम्प्युटर पार पुसून टाका, मॅडम," लातूरच्या एका क्लासचे संचालक सर हळूच म्हणाले.

क्लासचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुबश्शिराने सगळे कॉम्प्युटर नेटवर्कला जोडले आणि एकाच जागेवरून पुसण्याचे सॉफ्टवेअर सुरू केले. याच पेपरफुटीमुळे तिची बहीण मनतशा हिचे मेडिकल दोन गुणांनी हुकले होते, हे सरांना ठाऊक नव्हते.

"सर, काम सांगणाऱ्याचं नाव विचारायलंय इथं."

"टाका की. पुढं 'प्राध्यापक' लावा पण."

दुसऱ्या दिवशी सर साहेबांना म्हणाले, "कॉम्प्युटर कोरेच हायेत. आम्ही अजून वापरलेच न्हाईत."



साहेबांच्या हातात मुबश्शिराने दिलेली, पुसण्याच्या सॉफ्टवेअरने आपोआप काढलेली चाळीस प्रमाणपत्रे होती. प्रत्येकावर पुसल्याची तारीख, वेळ आणि प्राध्यापकांचे पूर्ण नाव होते.