कुंपणाच्या आतली जागा

“मोजणी? तुमच्या-आमच्यात मोजणी कसली, मावशी?” चष्मेवाला म्हणाला. इतक्या गोड आवाजात तो गिऱ्हाइकांशीसुद्धा बोलत नसे.

शेजारच्या मावशी घरामागची मोकळी जागा त्याला विकत होत्या. कुंपणाच्या आत जेवढी आहे तेवढ्याच जागेचे पैसे, असं तोंडी ठरलं होतं. सह्यांच्या आधी एकदा मोजून घ्या, हा हट्ट त्यांच्या मुलीचा.

“ऐकलंस?” मावशी मुलीकडे वळल्या. “शब्दावर व्यवहार करणारी माणसं आहेत अजून. तूच मेली शंकेखोर!”

मुलगी ओशाळली. चष्मेवाल्याची बायको चहाच्या कपात बघत राहिली.

गेल्या आठवड्यात मावशी मुलीकडे राहायला गेल्या, तेव्हा त्यानं मोजणीदार बोलावून जागा गुपचूप मोजून घेतली होती. आपल्या पदरात कमी तर पडत नाही ना, एवढंच बघायचं होतं. निघालं भलतंच. कुंपण मावशींच्याच हद्दीत चांगलं आत सरकलेलं. त्याच्या घराच्या कडेची वाट, जी तो इतकी वर्षं आपली म्हणून वापरत होता, ती मावशींची होती. आता उघड मोजणी झाली, तर तिचेही पैसे द्यावे लागणार होते.

“एक सांगायचं राहिलंय रे,” मावशींनी पेन खाली ठेवलं. “ती तुमच्या कडेची वाट आहे ना, ती खरं तर आमची. तुझ्या वडिलांची चाकांची खुर्ची तिथून वळेना, म्हणून आमच्या ह्यांनी कुंपण आत घेतलं. वडिलांना अवघडल्यासारखं होईल, कुणाला बोलायचं नाही, अशी मला ताकीद होती. आता तीही तुझीच समज. पैसे नकोत तिचे. पण मोजणीत निघालं असतं, तर तुला वाटलं असतं, मावशीनं लपवून ठेवलं. रागावला नाहीस ना?”

जमीन पोटात घेईल तर बरं, असं चष्मेवाल्याला झालं. खरं सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण नुसतीच मान हलवली आणि पेन उचललं.

बायकोनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

“मावशी,” ती वर न बघता म्हणाली, “मोजणी करूनच घ्या. आमच्या शब्दावर जाऊ नका.”