सगळ्यात सुरक्षित कोठडी

“कुणी मारलं?” जेलरबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

शिंपीण तुरुंगाच्या दवाखान्यात खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. डावा डोळा सुजून मिटलेला, खालचा ओठ फाटलेला.

“पडले,” ती म्हणाली. “न्हाणीत शेवाळ आहे.”

“गेल्या आठवड्यातही शेवाळच होतं?”

शिंपिणीने पदराच्या टोकाने ओठ टिपला.

तिला या महिला तुरुंगात येऊन जेमतेम महिना झाला होता. पन्नाशीची, चणीने बारीक, बोलणं खालच्या पट्टीतलं. तिचा गुन्हा वाचून कचेरीतल्या लोकांची हसून हसून पुरेवाट झाली होती. मालकाचं शिलाई मशीन डोक्यावर घेऊन ही बाई भरदुपारी पोलीस चौकीसमोरून निघाली होती. न्यायाधीशांपुढे तिने सगळं कबूल केलं. सहा महिने पडले.

जेलरबाईंना हसू आलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच पाळीत बरॅकीतल्या बायकांनी एका पोरसवदा मुलीचं तोंड पाण्याच्या बादलीत मरेपर्यंत दाबून धरलं होतं. ती मुलगी आदल्याच दिवशी त्यांच्याकडे येऊन म्हणाली होती, “बाई, मला दुसरीकडे हलवा.” आणि त्या म्हणाल्या होत्या, “उद्या बघू.” ‘उद्या’ हा शब्द त्यांनी त्यानंतर तोंडातून काढला नव्हता.

त्या तडक बरॅकीत गेल्या. आक्का दाराशीच बसली होती. ती बरॅकीची म्होरकी. तिच्या मर्जीशिवाय तिथे कुणी कूस बदलत नसे.

“हात तुझेच ना, आक्का?”

“माझे हात कपडे धुतात, बाई.”

“लेकाची भेट बंद करीन.”

“करा.”

एरवी लेकाची भेट एक दिवस पुढे गेली तरी आक्का बरॅक डोक्यावर घेई. आज तिने मान खाली घातली आणि खरचटलेलं बोट चोळत राहिली.

महिनाभरासाठी भेट बंद झाली. तरी जेलरबाईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती. तिसऱ्या खेपेला शिंपीण दवाखान्यापर्यंत पोचेल याची खात्री कोण देणार?

“मागच्या कोठडीत हलवायचं म्हणतेय,” त्यांनी अधीक्षकांना सांगितलं.

अधीक्षकांनी चष्मा काढला. “तिथे ती पाळणाघरवाली आहे.”

“दोन खाटा आहेत, साहेब.”

पाळणाघरवालीला सगळा तुरुंग ओळखत होता. मुलं रडू नयेत म्हणून ती त्यांना दुधातून झोपेचं औषध पाजायची. एका दुपारी सहा लेकरं झोपली ती उठलीच नाहीत. तुरुंगात आली त्या दिवशी बायकांनी तिच्यावर उकळतं पाणी फेकलं. तेव्हापासून तिला मागच्या अंगणातल्या कोठडीत ठेवलं होतं. तिचं जेवणसुद्धा जेलरबाई आधी स्वतः चाखून बघत. त्यांना ती आवडत होती असं नाही. पण त्यांच्या ताब्यातलं माणूस मरता कामा नये, इतकं साधं होतं ते.

“बघा बुवा,” अधीक्षक सही करत म्हणाले. “तिच्यासोबत राहायला ही तयार होईल का?”

शिंपीण लगेच तयार झाली नाही. तिने खूप वेळ खाटेची कड धरून ठेवली.

“ती मला काही करणार नाही ना?”

“ती स्वतःच्या सावलीला भिते,” जेलरबाई म्हणाल्या. “आणि तिथे कुणाचाही हात पोचत नाही. भिंती जाड आहेत, दार लोखंडी. चावी एकच, माझ्याकडे.”

“तुम्ही नसलात तर?”

“तर कुणीच आत येऊ शकत नाही.”

शिंपिणीने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. बोटं सुईने टोचून टोचून टणक झालेली होती. “तुमचे उपकार कसे फेडू, बाई?” ती म्हणाली, आणि तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं.

त्याच दुपारी झडती घेऊन तिला मागे नेलं. तिच्याजवळ अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. पाळणाघरवाली कोपऱ्यात उभी राहिली.

“मला सोबत नको,” ती म्हणाली. “मी एकटी बरी आहे.”

“हीसुद्धा तुझ्यासारखीच मार खाल्लेली आहे. थोडं माणुसकीने वाग.”

पाळणाघरवालीने पाहुणीचा सुजलेला चेहरा निरखून बघितला. मग हळूच आपल्या खाटेवरची चादर गोळा करून बाजूला झाली. “उजेडाची खाट तू घे,” ती म्हणाली.

“बसा ना तुम्ही,” शिंपीण तिला म्हणाली. “घाई काय आहे?”

जेलरबाईंनी दार लावलं, कुलूप ओढून बघितलं. लांबलचक मार्गिका आणि दोन फाटकं ओलांडून त्या मोठ्या अंगणात आल्या, तेव्हा कितीतरी महिन्यांनी त्यांना मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

आक्का हौदावर कपडे पिळत होती.

“हलवलंत तिला?”

“हलवलं. आता तुझे हात तिथे पोचायचे नाहीत.”

“मागच्या कोठडीत?”

“हो.”

आक्काने पिळलेलं लुगडं झटकून दोरीवर टाकलं. हात पुसले.

“मग आता माझ्या लेकाची भेट सुरू करा, बाई. पहिल्यांदा मारलं तेव्हा तिलाच ते कमी वाटलं. म्हणाली, एवढ्याने मला कुणी हलवणार नाही. दुसऱ्यांदा माझा हात उठेना, तर पायावर डोकं ठेवून रडली.”

जेलरबाईंना काही कळेना. “कोण रडली?”

“शिंपीण,” आक्का म्हणाली. “त्या सहा लेकरांत तिची नात होती.”