गाडीचं दार

जुन्या पोलीस मालिकेच्या संगीताची तबकडी काढा, म्हणून क्लिफर्डनं कंपनीला चाळीस वर्षं पत्रं लिहिली. आज तबकडी अखेर स्टॉकपोर्टला त्याच्या घरी पोचली. हातातला चहा तसाच ठेवून त्यानं आधी पाठलागाचं संगीत लावलं आणि मिनिटभरात त्याचं टाळकं सटकलं. “दार कुठं गेलं? ट्रंपेट थांबलं की इन्स्पेक्टर गाडीचं दार आपटतो. तेच गाळलंय या चोरांनी.” “अरे, दार मालिकेतलं. वाजवणाऱ्यांनी कशाला आपटावं?” त्याची बायको डोरीन विणकामातून मान वर न करता म्हणाली. “दाराशिवाय हे संगीत होतं कधी? लुच्चे लेकाचे.” त्यानं तक्रारीसाठी कागद ओढला, पेन उघडलं. “इतकी वर्षं हेच गुणगुणून कान किटवलेस माझे. पुन्हा लाव,” म्हणत ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. ट्रंपेट थांबलं. तिनं नेमक्या ठोक्याला धाडकन दार आपटलं. क्लिफर्डनं पेनाला टोपण लावलं.