लिहिणं चालू आहे
आईच्या पश्चात तिची विणकामाची वेबसाइट ताईच चालवत होती. साइट फारच रखडू लागली, म्हणून तिनं सर्व्हर सांभाळणाऱ्या धाकट्या भावाला बोलावलं. तपासता तपासता तो थबकला. "कुणीतरी एक लेख उघडा ठेवलाय. तो सर्व्हरला सारखं कळवतोय, लिहिणं चालू आहे, लिहिणं चालू आहे. या कळवण्याला हार्टबीट म्हणतात, हृदयाचा ठोका; त्यानंच साइट रखडतेय." "कुणाच्या नावानं?" "आईच्या." "काहीतरीच! तिचा कॉम्प्युटर मी केव्हाच विकला." भाऊ सेटिंगमध्ये शिरला. त्यानं मर्यादा घातली: यापुढे तासातून एकदाच कळवायचं. साइट झरझर उघडू लागली. तासाभरानं त्या अर्धवट लेखाखाली नवी ओळ उमटली: "बाळा, जीव गुदमरतोय रे." भावानं मर्यादा काढून टाकली. ओळ पुसली गेली. तिच्या जागी पुढच्या टाक्यांची कृती भराभर उमटू लागली. ताईनं खुर्ची पुढे ओढली. "सावकाश लिही, आई," ती म्हणाली, "आम्ही बसलोय."